साळवे मॅडमची दुसरी डिस्क

साळवे मॅडमना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांच्या हातात हातोडी होती.

संगमनेरच्या आमच्या कॉलेजात फिजिक्सच्या लॅबमागं एक अरुंद खोली होती. मोडकी स्टुलं, फुटके काचसामान, मेलेल्या बॅटऱ्या असलं काहीबाही तिथं पडलेलं असे. ती रिकामी करून, चुना मारून तिथं कॉम्प्युटर लॅब केली आणि चार मशीनं आणून ठेवली. नवी नेमणूक झालेल्या बाई आज हजर होणार एवढं मला ठाऊक होतं. सकाळच्या तासाला मी लोलकाचं गणित मांडत होतो आणि भिंतीपलीकडून ठाण ठाण आवाज सुरू झाला. पोरं हसायला लागली. मी खडू ठेवून बघायला गेलो.

बुटकीशी, काटक बाई फरशीवर मांडी घालून बसली होती. साडीचा पदर कमरेला खोचलेला, अंबाड्यात केसांच्या काट्यासारखा एक स्क्रूड्रायव्हर खोचलेला. कॉम्प्युटरची लोखंडी पेटी आडवी करून गुडघ्यांत धरलेली, आणि तिच्या कडेवर हातोडीचे घाव चाललेले.

"मी गाडेकर. शेजारी फिजिक्सला असतो."

"जयभीम, सर. मी सुमन साळवे. जरा हा कोपरा धरा. ह्या लोकांनी स्क्रू कसलाय का कुणाचा सूड उगवलाय?"

मी कोपरा धरला. पुढच्या घावाला झाकण निघालं आणि त्याच्या धारेनं मॅडमचा तळवा चिरत गेला. रक्त फरशीवर टपकलं. त्यांनी तळवा पदरात दाबला, दुसऱ्या हातानं बॅटरी लावली आणि आत डोकावून म्हणाल्या, "अजून जिवंत आहे बाबा." चिरलेल्या हाताकडं त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. मला तेव्हा ते धाडस वाटलं.

पुढं अडीच वर्षं आमच्यामध्ये एक भिंत होती. तिच्यातून मला त्यांचा आवाज रोज ऐकू यायचा. त्या हळू बोलूच शकत नसत. मशीनला त्या 'बाबा' म्हणायच्या आणि पोरांना 'अरे माणसा'. एक वाजता भाकरी आणि ठेचा उभ्यानंच खायच्या. दाराकडं पाठ करून कधी बसायच्या नाहीत. वाऱ्यानं दार आपटलं की दोन्ही हात क्षणभर डोक्यावर जायचे, मग ते हात खाली यायचे आणि तोंड सुटायचं, "टेकण कुणी काढलं रे?" ज्यानं काढलं असेल त्याची खैर नसे. एक वाक्य त्या दिवसातून दहा वेळा म्हणायच्या, "चालू कुणीही करतं. बंद करायची रीत शिका."

अठ्ठ्याण्णव साली कॉलेजनं लॅबसाठी पाचवं मशीन घेतलं. पेंटियम. चार जीबीची डिस्क म्हणजे त्या काळात गावजेवणाचं पातेलं. प्राचार्यांनी मशीनला हार घातला. त्याच महिन्यात मॅडमच्या कॉम्प्युटर मासिकाबरोबर लिनक्सची, म्हणजे विंडोजसारखीच मशीन चालवणाऱ्या यंत्रणेची, सीडी फुकट आली. तिच्यात सी भाषेचा कंपायलर होता, युनिक्स शिकायला मिळणार होतं, आणि त्यासाठी कुणाच्या पुढ्यात अर्ज करायचा नव्हता. मॅडम सीडी घेऊन माझ्याकडं आल्या तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदा हसू पाहिलं.

पहिल्या खेपेला त्यांनी सगळं नव्या डिस्कवरच केलं. पुढच्या भागात विंडोज, शेपटाला लिनक्स. आणि नेमके त्याच दिवशी विद्यापीठाचे पाहुणे लॅब बघायला आले. प्राचार्यांनी मोठ्या ऐटीत बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन अक्षरं उमटली, एल आणि आय. बस. पुढं काही नाही. पाहुणे बघताहेत, प्राचार्य बघताहेत, पडद्यावर तीच दोन अक्षरं. प्राचार्य सगळ्यांदेखत म्हणाले, "मॅडम, नव्या मशीनचा खून केलात तुम्ही."

पाहुणे गेल्यावर मॅडमनी भिंतीवर मूठ मारली. माझ्या बाजूचा पोपडा पडला.

दोन दिवस त्या मासिकं चाळत राहिल्या. तिसऱ्या दिवशी एका उत्तरपत्रिकेच्या पाठकोऱ्या बाजूवर आकृती काढून मला समजावायला बसल्या.

"लिलो नावाची एक आज्ञा असते, सर. तीच लिनक्सला उठवते. तिला आपलं नावसुद्धा पुरतं उच्चारता आलं नाही. का? तर मशीन जागं होताना त्याला डिस्कची फक्त पहिली हजार चोवीस वर्तुळं दिसतात. पलीकडचं त्याला ठाऊकच नसतं. आणि त्याला जागं करणारी वस्तू मी ठेवली पलीकडं. आंधळ्याची काठी माळ्यावर टाकली मी."

"मग आता?"

"आता दोन डिस्क."

कॉलेजचं सगळ्यात पहिलं, ऑफिसातलं मशीन वर्षभर मेलेलं पडलं होतं. त्याची पाचशे एमबीची जुनी डिस्क मॅडमनी काढली. नवी डिस्क अख्खी विंडोजला, पोरांना आणि ऑफिसला. जुनीवर फक्त लिनक्स. डिस्क लहान, म्हणजे हजार चोवीसच्या आतच संपते, अडायचा प्रश्न नाही. तिचेही त्यांनी तीन भाग केले. एक वापरताना लागणारी मोकळी जागा, एक यंत्रणेचा, आणि एक आपण केलेल्या कामाचा. ह्या शेवटच्या भागाला लिनक्सवाले 'होम' म्हणतात.

"यंत्रणा बिघडली, पुसली, परत घातली, तरी होमला धक्का लागता कामा नये," त्या म्हणाल्या. "म्हणून त्याची भिंत वेगळी."

जुनी डिस्क त्यांनी पेटीत अगदी वरच्या कप्प्यात पट्ट्या लावून बसवली, कारण दोन डिस्क लगतलगत ठेवल्या तर तापतात. आणि उठवणारी आज्ञा डिस्कवर ठेवलीच नाही, फ्लॉपीवर ठेवली. कुणीही मशीन चालू केलं की विंडोज यायचं. विंडोजला दुसऱ्या डिस्कचा पत्ताही नसे. ती फ्लॉपी घालून चालू केलं तरच लिनक्स. ऑफिसचा कारकून, प्राचार्य, पाहुणे ह्यांच्यापैकी कुणाचाही पाय आता अडखळणार नव्हता.

मी म्हटलं, "नवी डिस्क लोकांना आणि जुनी तुम्हाला?"

"नवीवर सगळ्यांचा डोळा असतो, सर. जुनीकडं कोण बघतंय?"

त्यांचे यजमान विलास साळवे हायस्कूलला मराठी शिकवायचे. गावात त्यांना न ओळखणारा माणूस नव्हता. कुठलाही समारंभ असो, सूत्रसंचालन विलासरावांचं. आवाज असा की ऐकणाऱ्यानं पुढं सरकून बसावं. आमच्या स्नेहसंमेलनालाही तेच होते. आईवर, बहिणीवर, पत्नीवर असं काही बोलले की पहिल्या रांगेतल्या बायकांनी डोळे पुसले. मॅडम दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. त्यांची उजवी करंगळी आइस्क्रीमच्या काडीला बांधलेली होती. टाळ्या पडल्या तेव्हा त्या डाव्या हातानं मांडीवर टाळी वाजवत होत्या.

दुसऱ्या दिवशी मी विचारलं, "करंगळीला काय झालं?"

"पेटीत अडकली."

मी बरं म्हटलं. मला ते खरं वाटलं नव्हतं, पण ते पटवून घेणं सोपं होतं.

त्यानंतर महिन्याभरानं थप्पडीचा प्रकार घडला. एफवायचा एक पोरगा, तालुक्यातल्या एका पुढाऱ्याचा पुतण्या, प्रॅक्टिकल संपल्यावर घाईघाईनं उठला आणि मॅडमनी शिकवायला लावलेलं लिनक्स चालू असताना पायानं सरळ भिंतीवरचं बटण बंद करून निघाला. मॅडमनी हाक मारली. तो हसत म्हणाला, "बंदच करायचं होतं ना?"

आवाज माझ्या लॅबपर्यंत आला. मी पोचलो तेव्हा पोरगा गालाला हात लावून उभा होता, चार बोटं लालभडक उठलेली, आणि मॅडमचा हात दुसऱ्यांदा वर गेलेला. मला पाहून तो तसाच हवेत थांबला. पोरगा म्हणाला, "काकांना सांगतो." मॅडम म्हणाल्या, "सांग. पत्ता देऊ का माझा?"

काका आले. जीपमधून आले, सहाजण घेऊन. प्राचार्यांच्या खोलीत आरडाओरडा झाला, टेबलावरची काच फुटली. मॅडमनी माफी मागावी असं ठरलं. त्या म्हणाल्या, "मशीनमधलं पोरांचं काम मोडलं असतं, मी माफी मागत नसते." काकांनी खुर्ची लाथाडली. मॅडम जागच्या हलल्या नाहीत. शेवटी काकाच थकून गेले.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराच्या वर्गात गेल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "काल मी तुला मारलं. मारायला नको होतं. बटणाचं चुकलं ते तुझं चुकलंच, पण मारलं ते माझं चुकलं." पोरगा रडायला लागला. मॅडम तिथून निघून माझ्या लॅबमध्ये आल्या, स्टुलावर बसल्या आणि कितीतरी वेळ आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिल्या.

"सर, तुम्ही काल माझा हात पाहिलात ना वर गेलेला?"

"पाहिला."

"तो हात मी ओळखते. रोज बघते. खालून बघते. मार खाता खाता तो माझ्याच खांद्याला फुटला की काय, असं वाटलं मला."

मग त्या उठल्या. मला त्यांच्या लॅबमध्ये नेलं. टेबलावर फ्लॉप्यांचा एक खोका असायचा, वर 'खराब' अशी चिठ्ठी. त्यातली एक फ्लॉपी काढून त्यांनी पेंटियमला घातली. लिनक्स वर आलं. होममध्ये फायलींची रांग होती. प्रत्येकीचं नाव म्हणजे एक तारीख. लिनक्सवर तेव्हा मराठी उमटत नसे, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलेलं. त्यांनी एक उघडली.

आमच्या सायन्सच्या जर्नलमध्ये असतं तसं लिहिलेलं होतं. साहित्य: सांडशी. कृती: भाजीत मीठ कमी, पाठीवर दोन, मनगटावर एक. निरीक्षण: मनगट वळत नाही, लेक प्रज्ञा जागी होती, पांघरुणातून बघत होती. अनुमान: आणि पुढं कोरं.

दुसरी उघडली. साहित्य: पट्टा. तिसरी. साहित्य: दार. कृती: बोट दारात धरून दार लावलं. निरीक्षण: करंगळी. अनुमान: कोरं.

"घरी दोन वह्या लिहिल्या होत्या. जाळल्या त्यांनी. बरोबर माझा डिप्लोमापण जाळला. पर्स रोज तपासतात. मग म्हटलं, जिथं त्यांचा हात पोचत नाही असं माझ्याजवळ काय आहे? एवढंच."

"पोलिसात का जात नाही?"

"गेले होते. फौजदार म्हणाले, साळवे सर? छे हो! आमच्या मैदानावर कार्यक्रम झाला तेव्हा काय बोलले होते..." त्या हसल्या. मी काय केलं? मी म्हटलं, "काळजी घ्या." आणि तासाला गेलो.

जानेवारीत विलासरावांनी पहिल्यांदा मुलीवर हात टाकला. प्रज्ञा सात वर्षांची होती. पाढा चुकली. कानफटात बसली आणि कानातून रक्त आलं. पडदा फाटला होता. मॅडमनी पोरीला उचललं, सरकारी दवाखान्यात नेलं, तिथला कागद घेतला आणि तशाच एसटीत बसून शेवगावकडं, आईच्या गावाला पोचल्या. पोरीला आईकडं ठेवून चौथ्या दिवशी कामावर हजर. कॉलेजजवळच एका ओळखीच्या बाईंकडं राहू लागल्या, वकील गाठला, पोलिसात पुन्हा अर्ज दिला.

आता मला सांगायचं आहे ते सांगायला इतकी वर्षं जड गेलं.

त्या आठवड्यात विलासराव मला स्टँडजवळच्या हॉटेलात भेटले. मुद्दाम भेटले, हे मला नंतर कळलं. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. माझा हात धरून म्हणाले, "गाडेकर सर, तुम्ही मध्ये पडा. चुकलं माझं. पोरीसाठी जीव तुटतो हो." त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं. तो आवाज. मी विरघळलो. मला वाटलं, आता दोन शब्द बोललो तर संसार सावरेल. मी म्हटलं, "विलासराव, तुम्हीच समजून घ्या. त्यांनी तारीखवार सगळं लिहून ठेवलंय. कोर्टात गेलं तर तुमची नोकरी जाईल. त्याआधी नमतं घ्या."

"लिहून ठेवलंय? कुठं?"

"कॉम्प्युटरात. लॅबमध्ये."

त्यांनी चहा शांतपणे संपवला, रुमालानं मिशा टिपल्या. "बरं झालं सांगितलंत, सर."

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता मॅडमचं प्रॅक्टिकल चालू होतं. विलासराव इस्त्रीच्या पांढऱ्या शर्टात आले. व्हरांड्यात झाडं लावायचं काम चाललं होतं, तिथली पहार त्यांनी उचलली. लॅबच्या दारात उभं राहून आपल्या त्या आवाजात म्हणाले, "विद्यार्थी मित्रांनो, सर्वांनी शांतपणे बाहेर यावं." आणि बाराच्या बारा पोरं शांतपणे, रांगेत बाहेर आली.

पहिला मॉनिटर फुटला तेव्हा मला फटाका वाजल्यासारखं वाटलं. दुसऱ्याला कळलं. मी धावत गेलो आणि दारात थांबलो. आत नुसती काच. विलासराव टेबलापाठोपाठ टेबल घेत होते. पहार दोन्ही हातांनी डोक्यावर न्यायची आणि पडद्याच्या मधोमध घालायची.

"ह्याच्यात लिहिलंयस? ह्याच्यात? का ह्याच्यात?"

मॅडम भिंतीला पाठ लावून उभ्या होत्या. एक शब्द बोलत नव्हत्या. पडद्यावर दिसतं म्हणजे ते पडद्यातच असतं, असं विलासरावांना वाटत होतं आणि मॅडम ते वाटू देत होत्या. चार पडदे फुटले. पाचव्याच्या, पेंटियमच्या पडद्याच्या चिंध्या झाल्या. मग त्यांची नजर पडद्यामागच्या वायरीवरून खालच्या पेटीवर गेली. त्यांनी पहार फिरवून टोक खाली केलं आणि पेटीच्या पोटात खुपसलं. एकदा, दोनदा, तीनदा. पत्रा फाटला, आतलं चक्र किंचाळून थांबलं.

तेवढ्यात मॅडमच्या तोंडून चुकून "नका" असं आलं.

त्यांनी पहार टाकली आणि मॅडमचा अंबाडा धरला. स्क्रूड्रायव्हर खणकन खाली पडला. केसाला धरून त्यांनी मॅडमना आधी टेबलाच्या कडेवर आपटलं, मग जमिनीवर. मॅडमचा उजवा हात काचांत टेकला होता. विलासरावांनी त्या हातावर बूट ठेवला आणि संपूर्ण वजन दिलं. "ह्याच हातानं लिहितेस ना?" बोटं मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. वाळलेल्या तुराट्या मोडाव्यात तसा.

मी दारातच होतो. किती वेळ, ते मला आजही सांगता येत नाही. माझ्यामागं पोरं उभी होती. त्यांच्यात तो पुतण्याही होता, तो मला ढकलत होता, "सर, आत जा ना, सर!" आणि मी दाराची चौकट दोन्ही हातांनी धरून ठेवली होती. मला वाटत होतं मी पोरांना अडवतोय.

दार उघडं राहावं म्हणून मॅडम त्याला एक फार जुनी, विटेएवढी अवजड डिस्क टेकण लावायच्या. तीन किलो तरी भरेल असं ओतीव लोखंड. ती तिथंच त्यांच्या डाव्या हाताशी होती. त्यांनी ती उचलली कशी, उठल्या कशा, मला दिसलं नाही. मला दिसलं ते लोखंड विलासरावांच्या गळ्याजवळ बसताना. कट्ट असा आवाज झाला. गळ्याखालचं, हासळीचं हाड. ते गुडघ्यावर आले, मग बसले. मॅडम त्यांच्यासमोर उभ्या, केस सुटलेले, तोंड रक्तानं माखलेलं, उजवा हात लोंबतोय. डाव्या हातानं त्यांनी लोखंड पुन्हा वर नेलं. ह्या वेळी नेम विलासरावांच्या डोक्यावर.

तेव्हा माझ्या तोंडून शब्द फुटला. "मॅडम!"

त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं.

"आत्ता आलात?"

मग लोखंड बाजूला फेकलं. फरशी तडकली. विलासराव बसल्या जागेवरून व्हरांड्यातल्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "मारलं हो! नवऱ्याला मारलं हिनं!"

दोघांनाही एकाच दवाखान्यात नेलं. दोघांच्याही तक्रारी लिहून घेतल्या गेल्या. पोलिसांनी पंचनामा केला, पहार आणि दाराचं ते टेकण जप्त केलं, फुटक्या मशीनचं काय करायचं ते त्यांना सुचलं नाही. प्राचार्य म्हणाले, "सगळं गेलं." मॅडमच्या वकिलाला त्या नोंदी सोमवारपर्यंत कागदावर हव्या होत्या.

शनिवारी दुपारी मॅडम आल्या. उजवा हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये, कपाळाला सात टाके. सोबत त्यांची आई. नऊवारी, हिरवं गोंदण, मुठीत पदर घट्ट धरलेला. प्रज्ञाला शेजारणीकडं ठेवून पहाटेच्या गाडीनं आली होती.

"सर, स्क्रूड्रायव्हर घ्या," मॅडम म्हणाल्या. झाल्या गोष्टीबद्दल एक अक्षर नाही. विलासरावांना कुणी सांगितलं हे त्यांना तोवर माहीत होतं. मीच सांगितलं होतं, दवाखान्याच्या जिन्यात. त्यावर त्या फक्त एवढंच म्हणाल्या होत्या, "तुम्हालाही तो आवाज खरा वाटला."

मी पेटी उघडली. खालची नवी डिस्क आरपार गेली होती, पोरांचं आणि ऑफिसचं सगळं तिच्यात होतं. वरच्या कप्प्यातली जुनी डिस्क तशीच होती. तिला ओरखडाही नव्हता. ती काढून माझ्या लॅबमधल्या जुन्या ४८६ मशीनला जोडली. 'खराब' खोक्यातली फ्लॉपी घातली. लिलो पूर्ण उमटलं, ओळी धावल्या आणि मध्येच थांबल्या. मूळ डिस्क सापडत नाही, घाबरलो आहे, अशा अर्थाचं काहीतरी इंग्रजीत लिहून मशीन गोठलं.

"गेलं?" मी विचारलं.

"नाही. जागा बदलली त्याची. तिथं दुसरी डिस्क होती, इथं एकटीच आहे. हे त्याला सांगावं लागेल. परत चालू करा. शिफ्ट दाबून ठेवा. आता मी सांगते ते टाईप करा."

त्या एकेक अक्षर सांगत गेल्या, मी एका बोटानं दाबत गेलो. ह्या वेळी ओळी थांबल्या नाहीत. होम उघडलं. तारखांची रांग. एकसष्ट होत्या. मी डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लावला आणि कागदाची लांब पट्टी करकरत बाहेर यायला लागली.

आई स्टुलावर बसून कागदाकडं टक लावून बघत होती. म्हणाली, "मला वाचता येत न्हाई, सर. काय लिवलंय, वाचा की."

मी मॅडमकडं पाहिलं. त्या म्हणाल्या, "वाचा."

मी हाताशी आलेलं वाचलं. दिवाळीच्या आसपासची तारीख होती. साहित्य: तापलेलं उलथणं. कृती: आई समोर असताना उलट उत्तर दिलं, आई बाहेर गेल्यावर दंडावर.

आईनं हात वर केला. मी थांबलो.

"त्या दिशी मी हुते हितं. मागल्या दारी भांडी घासत हुते. ही म्हनली, वाफंनं भाजलं." प्रिंटरनं आणखी एक तारीख बाहेर टाकली. "मला कळलं हुतं. वाफंनं असं भाजत न्हाई. तरी मीच म्हनले हिला, नांदायचं अस्तं, सुमे. मी बी नांदले."

मला वाटलं आता मॅडम रडतील, निदान आईला जवळ घेतील. त्या म्हणाल्या, "आई, कागद धर. लोंबून फाटतोय तो."

आईनं दोन्ही हात पुढं केले आणि येणारा कागद ओंजळीत घेत राहिली. घडीवर घडी. वाचता न येणाऱ्या त्या बाईच्या मांडीवर एकसष्ट दिवस जमा झाले. मी एकही ओळ मोठ्यानं वाचली नाही पुन्हा. मनात मात्र सगळ्या वाचल्या. प्रत्येकाच्या शेवटी 'अनुमान' आणि पुढं कोरं.

कोर्टात त्या कागदांना फार किंमत मिळाली नाही. 'हे कुणीही टाईप करील,' असं विलासरावांचे वकील म्हणाले आणि ते खोटं नव्हतं. पण मॅडमनी प्रत्येक कागद घेऊन दवाखाने पालथे घातले. इतक्या तारखांना केसपेपर सापडले की समोरच्या वकिलाचा आवाज खाली आला. उलटतपासणीत त्यांनी विचारलं, "तुम्ही पतीच्या मानेजवळ लोखंडी वस्तूनं प्रहार केलात?" मॅडम म्हणाल्या, "केला. दुसरा करणार होते, केला नाही." मी साक्ष दिली. दारात उभा होतो तेही सांगितलं. न्यायाधीशांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं आणि पुढच्या साक्षीदाराला बोलावलं.

शेवटी आपसात फारकत झाली, प्रज्ञा आईकडं राहिली, उलट तक्रार मागं घेतली गेली. मारहाणीबद्दल कुणाला तुरुंगवास झाला नाही. विलासरावांचा एक खांदा उतरला तेवढाच. दोन-चार महिने गप्प राहून ते पुन्हा समारंभांत दिसू लागले. मॅडमची नेमणूक कॉलेजनं पुढं चालू ठेवली नाही. 'लॅबच राहिली नाही' असं कारण लिहिलं. त्या कागदावर शिक्षकांचा प्रतिनिधी म्हणून सही कुणाची होती हे मी लपवणार नाही. माझी होती.

जाताना त्यांनी माझ्याकडून लिनक्सच्या त्या डिस्कची पावती करून घेतली. जुनी, निकामी, एक नग. मला म्हणाल्या, "येते, सर. दाराला आता काहीतरी दुसरं टेकण बघा."

नव्याण्णव संपता संपता पेपर तपासणीच्या कामानं मी शेवगावला गेलो होतो. तिथं त्यांनी कॉम्प्युटरचा क्लास काढलाय असं ऐकलं होतं. विचारत विचारत गेलो तर गाळ्याला कुलूप. शेजारचा टेलर म्हणाला, "बाई व्हय? मार्केट यार्डाच्या मोकळ्या रानात आस्त्याल. गाडी शिकत्यात."

दुपार होती. लिलाव संपलेले, यार्डामागचं मैदान मोकळं, उन्हानं पांढरं पडलेलं. मधोमध एक जुनी मोपेड धुरळा उडवत गोल गोल फिरत होती. वर मॅडम. केस कापून मानेवर आलेले, पदर कमरेला, उजव्या हाताची दोन बोटं ॲक्सिलरेटरवर वळत नव्हती म्हणून सगळा पंजा त्यावर दाबून धरलेला. मागं प्रज्ञा धावत होती आणि मोठमोठ्यानं ओरडत होती, एका कानानं कमी ऐकणारी पोरं ओरडतात तशी, "आई, ब्रेक! आई, ब्रेक दाब!"

"ब्रेक सापडेना!" मॅडम ओरडल्या आणि हसल्या. पोट धरून हसावं तसं, हँडल हलेपर्यंत. मी त्यांना असं हसताना कधीच पाहिलं नव्हतं. गाडी डगमगली, आता पडतात असं वाटलं, आणि सावरली. पुढचा फेरा मोठा घेत त्या सरळ माझ्या दिशेनं आल्या. मला त्यांनी ओळखलं असावं. हात करायला हात मोकळा नव्हता.

"सर, बाजूला व्हा!"

मी बाजूला झालो.